साताऱ्यात बसून सांगलीचा सर्व्हर सांभाळायचा असेल तर: फायरवॉलच्या आतला प्रॉक्समॉक्स बाहेरून सुरक्षितपणे चालवण्याची पद्धत

सांगली, मिरज, कुपवाडच्या पट्ट्यात आता कोल्ड स्टोरेज, पतसंस्था, पॅथॉलॉजी लॅब, कारखान्याचं ऑफिस अशा कितीतरी ठिकाणी एकच दणकट सर्व्हर घेतात आणि त्यावर चार-पाच व्हर्च्युअल मशीन, म्हणजे एकाच यंत्रात सॉफ्टवेअरनं बनवलेले वेगवेगळे संगणक, चालवतात. एकावर हिशेबाचं सॉफ्टवेअर, दुसऱ्यावर फायली, तिसऱ्यावर शीतगृहाच्या तापमानाच्या नोंदी. पूर्वी यासाठी बहुतेक जण व्हीएमवेअरचं मोफत ईएसएक्सआय टाकायचे. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते बंद झालं (एप्रिल २०२५ मध्ये परत आलं), आणि मधल्या काळात बरेच जण तेच काम करणाऱ्या प्रॉक्समॉक्स या दुसऱ्या सॉफ्टवेअरकडे वळले.

सर्व्हर सांभाळणारा माणूस मात्र क्वचितच त्याच गावात असतो. मी साताऱ्यात राहते आणि कुपवाड एमआयडीसीतल्या एका बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजचा सर्व्हर बघते. काही अडलं की गाडी काढून कराड, पेठ नाका, आष्टा करत सव्वाशेएक किलोमीटर जायचं, हे दर वेळी जमत नाही. ज्यांच्यावर असं काम नव्यानं येऊन पडलंय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. लिनक्सची तोंडओळख आणि राउटरच्या सेटिंगमध्ये शिरायची तयारी एवढं पुरे आहे. कमांड जशाच्या तशा देत नाही, त्या आवृत्तीप्रमाणे बदलतात आणि प्रॉक्समॉक्स आणि वायरगार्ड (बाहेरून आत यायची एन्क्रिप्टेड वाट बनवणारं व्हीपीएन सॉफ्टवेअर) यांच्या अधिकृत माहितीत नीट दिलेल्या आहेत. तिथं सहसा न सापडणारा कामाचा क्रम, त्यामागची कारणं आणि हमखास अडकायच्या जागा इथे सांगते.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. प्रॉक्समॉक्सचं वेब पान ८००६ या पोर्टवर चालतं. राउटरमध्ये तो पोर्ट बाहेर उघडला की पाच मिनिटांत काम होतं, आणि अनेक जण तेच करतात. ते करू नका. पोर्टचा नंबर बदलून ४८००६ केला तरी फरक पडत नाही. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप नावाचं साधन काढलं, ते एका साध्या संगणकावरून गिगाबिट लाइनवर अख्खं आयपीव्ही४ इंटरनेट पाऊण तासात चाळू शकतं. म्हणजे तुमचा पोर्ट सापडायला कोणी तुमच्या मागावर असायची गरजच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये ईएसएक्सआय-आर्ग्स या खंडणीखोर हल्ल्यात जगभरातले हजारो सर्व्हर लॉक झाले. ज्या त्रुटीतून तो शिरत असल्याचं तेव्हा सांगितलं गेलं, तिचा पॅच दोन वर्षं आधीच, फेब्रुवारी २०२१ मध्ये आला होता. ते सर्व्हर जुने होते आणि थेट इंटरनेटवर उघडे होते. तुमच्या मालकाचे पाचही संगणक एकाच पेटीत आहेत, आणि त्या पेटीचं नियंत्रण गेलं की पाचही जातात.

## लागणारे कागद आणि साधनं

- संस्थेचं लेखी परवानगीपत्र: कोण, कुठल्या सर्व्हरवर, बाहेरून कशासाठी प्रवेश करणार. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीविना संगणकात शिरण्याबद्दल भरपाईची तरतूद आहे, त्यामुळे ओळखीचं काम असलं तरी एक पान सहीशिक्क्यासह घ्याच.
- इंटरनेट कनेक्शनचा ग्राहक क्रमांक आणि ते कोणाच्या नावावर आहे याची नोंद. स्टॅटिक आयपी मागायची वेळ आली तर अर्ज त्याच नावानं करावा लागतो. कंपनीचं कनेक्शन असेल तर लेटरहेड आणि जीएसटी प्रमाणपत्र हाताशी ठेवा.
- राउटर, स्विच, सर्व्हर यांचे ॲडमिन पासवर्ड, पासवर्ड मॅनेजरमध्ये. व्हॉट्सॲपवर मागवू नका, पाठवू नका.
- वायरगार्ड चालणारा राउटर किंवा फायरवॉल. मायक्रोटिक कंपनीच्या राउटरमधल्या राउटरओएस ७ मध्ये ते आहे, ओपीएनसेन्स या फायरवॉल सॉफ्टवेअरमध्ये आहे.
- डिस्क एन्क्रिप्ट केलेला तुमचा स्वतःचा लॅपटॉप आणि मोबाइल डेटा असलेला फोन.
- प्रॉक्समॉक्सचा इन्स्टॉलर भरलेला पेन ड्राइव्ह, तो सर्व्हरच्या खोलीतच ठेवायचा.

## १. जागेवर असतानाच नकाशा काढा

पहिली भेट पूर्ण याच कामासाठी ठेवा. फायबरच्या डब्यातून निघालेली वायर कुठे जाते, राउटर कोणता, स्विच कोणता, सर्व्हरला किती नेटवर्क पोर्ट आहेत आणि त्यातला कुठला वापरात आहे, हे कागदावर उतरवा. मग प्रत्येक वस्तूवर आणि वायरच्या दोन्ही टोकांना मोठ्या मराठी आकड्यांचे स्टिकर लावा.

स्टिकरचं महत्त्व अडचणीच्या वेळी कळतं. रात्री फोनवर तुमच्याशी बोलायला तिथं फक्त वॉचमन काका असतात. "काका, राउटर जरा बंद करून परत चालू करा," म्हटलं की पलीकडून येतं, "ताई, हितं तीन पेट्या हायेत, तिन्हीवर हिरवी लाइट हाय. कुठली?" तेच "दोन नंबरच्या पेटीची वायर काढा, वीस आकडे मोजा, परत लावा" असं सांगितलं की काम होतं.

नकाशा काढताना आतल्या नेटवर्कचा आयपी बघा. तो १९२.१६८.१ किंवा १९२.१६८.० नं सुरू होत असेल तर बदलून घ्या. तुमच्या घरच्या राउटरचीही बहुधा तीच मालिका असते. दोन्हीकडे एकच मालिका असली की लॅपटॉप तिकडच्या सर्व्हरला घरातच शोधत बसतो, टनेल (वायरगार्डची आत जाणारी वाट) जोडलेलं दिसतं पण पान उघडत नाही. १०.३७.२० सारखी कमी वापरातली मालिका निवडा. हा बदल लांबून करायचा विचारही करू नका, प्रिंटर, कॅमेरे, बायोमेट्रिक मशीन सगळ्यांचे पत्ते हलतात. सुट्टीच्या दिवशी जागेवर बसून करा.

## २. खरा पब्लिक आयपी आहे का ते तपासा

बहुतेक नवखे इथेच दोन-दोन दिवस घालवतात. राउटरच्या स्टेटस पानावर 'वॅन आयपी' म्हणून एक पत्ता दिसतो. तो लिहून घ्या. मग त्याच कनेक्शनवरच्या संगणकावरून 'माझा आयपी काय' दाखवणारी कुठलीही वेबसाइट उघडा. दोन्ही पत्ते सारखे असतील तर पब्लिक आयपी तुमच्या राउटरपर्यंत येतोय.

वॅन आयपी १००.६४ ते १००.१२७ यांमधला असेल तर तुम्ही कॅरियर-ग्रेड नॅटच्या मागे आहात. ही मालिका एप्रिल २०१२ मध्ये खास यासाठीच राखून ठेवली गेली. एकाच पब्लिक आयपीमागे कंपनी शेकडो ग्राहक बसवते, त्यामुळे बाहेरून आलेली जोडणी तुमच्या राउटरपर्यंत पोचतच नाही. राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, उपयोग शून्य.

वॅन आयपी १९२.१६८ किंवा १० नं सुरू होत असेल तर दोन शक्यता. एक तर कंपनीचंच नॅट, नाहीतर कंपनीनं दिलेला फायबरचा डबा स्वतःच राउटर बनलाय आणि तुमचा राउटर त्याच्या मागे दुसरा. दुसऱ्या प्रकारात कंपनीला सांगून तो डबा ब्रिज मोडमध्ये टाकून घ्या, म्हणजे राउटरचं काम फक्त तुमचा राउटर करेल. लाइनमनला 'ब्रिज मोड' एवढे दोन शब्द पुरतात, पण पीपीपीओईचं (कनेक्शनच्या लॉगिनचं) युजरनेम आणि पासवर्ड त्याच वेळी मागून घ्या, नाहीतर तो गेल्यावर तुमचा राउटर लॉगिन कशानं करणार?

## ३. आत जायची वाट निवडा

पब्लिक आयपी असेल तर राउटरवरच वायरगार्ड. सगळ्यात साधं आणि टिकाऊ. आयपी स्थिर नसेल तर राउटरमधली डायनॅमिक डीएनएसची (बदलत्या आयपीला कायमचं नाव देणारी) सोय वापरा, मायक्रोटिकमध्ये ती आतच मिळते.

पब्लिक आयपी नसेल तर मुंबईत डेटा सेंटर असलेल्या एखाद्या कंपनीकडून छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या. त्यावर फक्त वायरगार्ड ठेवायचं. सांगलीचा राउटर आतून बाहेर त्याच्याशी जोडला जातो, तुम्हीही त्याच्याशी जोडले जाता, आणि दोघांची गाठ तिथं पडते. बाहेर जाणारी जोडणी नॅट अडवत नाही. फायबर तुटल्यावर मोबाइल सिमच्या डोंगलवर गेलात तरी हीच वाट चालू राहते, हा मोठा फायदा. रस्ते खोदाईत फायबर तुटणं आपल्याकडे नवीन नाही, त्यामुळे पब्लिक आयपी असूनही मी हीच पद्धत पसंत करते. एक लक्षात असू द्या: मधल्या सर्व्हरवर वायरगार्डचं एन्क्रिप्शन उघडतं आणि पुढच्या टप्प्यासाठी परत लागतं. आतमधलं एचटीटीपीएस आणि एसएसएच (सर्व्हरवर लांबून कमांड चालवायचं सुरक्षित लॉगिन) शाबूत असतं, म्हणून त्यांच्या सर्टिफिकेटकडे दुर्लक्ष करायचं नाही.

टेलस्केलसारखी तयार सेवा हाही रास्त पर्याय आहे, दहा मिनिटांत चालू होतो. मात्र आत शिरायचा अधिकार तेव्हा तुमच्या गूगल किंवा मायक्रोसॉफ्ट खात्याला टांगलेला असतो. त्या खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन नसेल तर हा पर्याय घेऊ नका.

ऑफिसमधल्या एका पीसीवर रिमोट डेस्कटॉपचं ॲप कायमचं चालू ठेवून तिथून सर्व्हरवर जाणं ही आपल्याकडे सर्रास चालणारी पद्धत. त्या पीसीवर दिवसभर कोणीही बसतं, पेन ड्राइव्ह लागतात, बिलं डाउनलोड होतात. अख्ख्या सर्व्हरची वाट त्यातून नेऊ नका.

आता सगळ्यात मोठा सापळा. वायरगार्ड त्याच प्रॉक्समॉक्सवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये टाकू नका. ओपीएनसेन्स व्हर्च्युअल मशीन म्हणून चालवणाऱ्यांनाही हेच लागू. सगळं ठीक असेपर्यंत छान चालतं, पण सर्व्हर रीबूट होऊन अडकला की आत जायची वाटच त्याच्यासोबत बंद पडलेली असते. वाट वेगळ्या पेटीत हवी: राउटर, फायरवॉल किंवा निदान एक रास्पबेरी पाय (छोटा स्वस्त संगणक, पुढे नुसतं 'पाय').

## ४. वायरगार्ड उभारा

वायरगार्ड मार्च २०२० मध्ये लिनक्सच्या ५.६ कर्नलमध्ये दाखल झालं, त्यामुळे आजच्या कुठल्याही लिनक्सवर ते तयारच असतं. ते यूडीपीवर चालतं, नेहमीचा पोर्ट ५१८२०. ओळखीची की नसलेल्या कोणी दार वाजवलं तर ते उत्तरच देत नाही. चाळणाऱ्याला तिथं काही आहे हेही कळत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवं आहे.

प्रत्येक उपकरणावर दोन किल्ल्यांची जोडी बनते, खासगी आणि सार्वजनिक. खासगी किल्ली ज्या उपकरणावर बनली तिथंच राहते, फक्त सार्वजनिक किल्ली समोरच्याला द्यायची. लॅपटॉप आणि फोन दोन्हींना एकच जोडी देऊ नका. फोन हरवला तर फक्त त्याचीच किल्ली रद्द करता आली पाहिजे, आणि एका किल्लीवर दोन उपकरणं एकदम जोडली तर जोडणी दोघांत हेलकावत राहते.

'अलाउड आयपीज' हा रकाना नवख्यांना चकवतो. तुमच्या लॅपटॉपवर त्याचा अर्थ 'हे पत्ते टनेलमधून पाठव'. राउटरवर त्याचा अर्थ 'या किल्लीवाल्याकडून फक्त या पत्त्यावरून आलेलं स्वीकार'. लॅपटॉपवर तिथं फक्त टनेलची मालिका आणि कोल्ड स्टोरेजची आतली मालिका लिहा. सगळं इंटरनेट टनेलमधून न्यायची गरज नाही. नॅटच्या मागे असलेल्या बाजूला 'पर्सिस्टंट कीपअलाइव्ह' २५ सेकंद ठेवा, नाहीतर थोडा वेळ शांत राहिलं की नॅट ती जोडणी विसरतं.

टनेल चालत नसेल तर आधी 'लेटेस्ट हँडशेक' (दोन्ही टोकांची शेवटची ओळख कधी पटली) ही ओळ बघा.

हँडशेकच झालेला नसेल तर दोष वाटेत आहे: पोर्ट यूडीपीऐवजी टीसीपीचा उघडलाय, पब्लिक आयपी बदललाय, किंवा किल्ली चुकीच्या जागी चिकटवलीय. हँडशेक काही सेकंदांपूर्वीचा दिसतोय पण पिंग जात नाही, तर दोष पुढे आहे: अलाउड आयपीज, आयपी फॉरवर्डिंग किंवा परतीचा मार्ग. रास्पबेरी पायवर वायरगार्ड असेल तर बहुधा शेवटचंच निघतं. प्रॉक्समॉक्सला टनेलची मालिका कुठे आहे हे ठाऊक नसतं, तो उत्तर राउटरकडे पाठवतो आणि ते हरवतं. राउटरमध्ये 'ही मालिका पायकडे पाठव' असा स्टॅटिक रूट लिहिला की सुटतं.

आणखी एक खूण ओळखून ठेवा. पिंग जातं, एसएसएच लॉगिन होतं, पण प्रॉक्समॉक्सचं पान अर्धवट उघडून गोल फिरत राहतं. हा एमटीयूचा, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराचा दोष. वायरगार्ड नेहमी १४२० धरतं. पीपीपीओई कनेक्शनवर मूळ मर्यादाच १५०० ऐवजी १४९२ असते, म्हणून टनेलची १४१२ करा. तरीही अडलं तर १२८० करून बघा.

पाय वापरणाऱ्यांसाठी अजून एक. पाय ४ आणि त्याआधीच्या मॉडेलमध्ये घड्याळाची बॅटरी नसते. वीज अचानक जाऊन आली की त्याची वेळ मागे पडते, आणि वायरगार्ड मागच्या वेळेचा हँडशेक नाकारतं. इंटरनेटवरून वेळ जुळली की आपोआप जोडलं जातं, म्हणून वेळ जुळवणारी सेवा चालू आहे ना ते बघा आणि वीज आल्यावर थोडी वाट पाहा.

## ५. फायरवॉलचे नियम, आणि स्वतःलाच बाहेर न कोंडणं

प्रॉक्समॉक्सची स्वतःची फायरवॉल सुरुवातीला बंद असते. ती डेटासेंटर पातळीवर चालू केली की आत येणारं सगळं अडवलं जातं. अपवाद फक्त ८००६ आणि २२ या पोर्टचा, तोही सर्व्हरच्याच स्थानिक नेटवर्कमधून येणाऱ्यांसाठी. तुम्ही टनेलमधून येताय, तुमचा पत्ता वेगळ्या मालिकेतला. म्हणजे चालू करताच तुम्ही बाहेर.

म्हणून क्रम असा ठेवा:

1. आधी 'मॅनेजमेंट' (management) नावाचा आयपी सेट, म्हणजे पत्त्यांची यादी, बनवा. नाव इंग्रजीत, सगळी अक्षरं छोटी, नेमकं हेच. या नावाला प्रॉक्समॉक्समध्ये खास अर्थ आहे, त्यातल्या पत्त्यांना व्यवस्थापनाची वाट आपोआप मिळते.
2. त्यात टनेलची मालिका टाका.
3. दहा मिनिटांनी फायरवॉल सेवा आपोआप थांबवणारी वेळेची आज्ञा सर्व्हरवर लावून ठेवा.
4. आता फायरवॉल चालू करा.
5. आधीची खिडकी बंद न करता नवी एसएसएच जोडणी आणि नव्या ब्राउझरमध्ये पान उघडून बघा.
6. दोन्ही चाललं तर ती वेळेची आज्ञा रद्द करा.

पाचवी पायरी गाळू नका. चालू असलेली जोडणी नव्या नियमांनंतरही जिवंत राहते, त्यामुळे सगळं ठीक असल्याचा भास होतो. तुम्ही खुशीत लॅपटॉप मिटता आणि दुसऱ्या दिवशी दार बंद. मायक्रोटिकवर हीच काळजी 'सेफ मोड' घेतो: विनबॉक्स या मायक्रोटिकच्या सेटिंग ॲपमधलं ते बटण दाबून बदल करा, जोडणी तुटली तर राउटर सगळे बदल आपोआप मागे घेतो. लांबून मायक्रोटिकला हात लावताना ते बटण दाबलेलंच असावं.

हिशेबाच्या सॉफ्टवेअरवाल्यालाही बाहेरून यायचं असतं. त्याला वेगळी वायरगार्ड किल्ली द्या आणि राउटरवर नियम लावा: या किल्लीच्या पत्त्याला फक्त हिशेबाच्या मशीनचा ३३८९ (रिमोट डेस्कटॉपचा) पोर्ट, बाकी काही नाही. प्रॉक्समॉक्सचं पान त्याला दिसायचंही कारण नाही.

## ६. एसएसएच

ईडी२५५१९ प्रकारची की बनवा, तिला पासफ्रेज द्या, ती सर्व्हरवर टाका, आणि कीनं लॉगिन होतंय हे बघितल्यावरच पासवर्डचं लॉगिन बंद करा. रूटचं लॉगिन पूर्ण बंद करायचा सल्ला सगळीकडे मिळतो. एकट्या सर्व्हरवर ते ठीक. पण प्रॉक्समॉक्सचं क्लस्टर (एकत्र जोडलेले अनेक सर्व्हर) असेल तर सर्व्हर एकमेकांशी रूट म्हणूनच एसएसएच करतात, तिथं रूटला फक्त कीनं येऊ द्या.

इथला सापळा असा: मुख्य सेटिंग फाइलमध्ये 'पासवर्ड नको' लिहिलं तरी पासवर्ड चालूच राहू शकतो. प्रॉक्समॉक्स डेबियनवर उभं आहे. डेबियनमध्ये मुख्य फाइलच्या सुरुवातीलाच दुसऱ्या फोल्डरमधल्या छोट्या फायली वाचल्या जातात, आणि एसएसएच पहिली भेटलेली किंमत धरतं. त्या फोल्डरमध्ये काय आहे तेही बघा. सेवा पुन्हा सुरू करण्याआधी सेटिंग तपासायची सोय त्याच प्रोग्राममध्ये आहे, ती वापरा.

## ७. प्रॉक्समॉक्समधली खाती

रोजच्या कामाला रूट नको. स्वतःचं खातं बनवा आणि हवे तेवढेच अधिकार द्या. मालकांच्या पुतण्याला 'बघायचंय' म्हणत असतील तर पीव्हीई ऑडिटर ही भूमिका आहे: सगळं दिसतं, काही हलवता येत नाही. एखादंच मशीन चालू-बंद करणाऱ्याला पीव्हीई व्हीएम युजर, तीही त्या मशीनपुरती.

रूटसह प्रत्येक खात्याला दोन टप्प्यांचं लॉगिन लावा. फोनवरचा सहा आकडी कोड दर ३० सेकंदांनी बदलतो आणि दोन्हीकडची वेळ जुळली तरच चालतो, म्हणून सर्व्हरचं घड्याळ चुकलं तर बरोबर कोडही नाकारला जाईल. रिकव्हरी की त्याच वेळी बनवून छापून ठेवा.

ब्राउझर सर्टिफिकेटबद्दल लाल इशारा देतो, कारण प्रॉक्समॉक्स स्वतःच स्वतःचं सर्टिफिकेट बनवतं. डोळे झाकून पुढे जाऊ नका. जागेवर असताना सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट नोडच्या सर्टिफिकेट्स पानावरून उतरवून घ्या आणि घरून पहिल्यांदा उघडताना ताडून बघा. जुळला तर तो ब्राउझरमध्ये कायमचा स्वीकारा. पुढे कधी इशारा परत आला आणि तुम्ही काही बदललं नसेल, तर तिथंच थांबा.

## ८. सर्व्हर उठलाच नाही तर

डेलच्या सर्व्हरमध्ये आयड्रॅक, एचपीमध्ये आयएलओ असतं: मुख्य यंत्र बंद असतानाही चालणारा छोटा वेगळा संगणक, ज्यातून पॉवर बटण दाबता येतं आणि स्क्रीन बघता येतो. सेकंडहँड घेतलेला सर्व्हर असेल तर त्याचा पासवर्ड आधी बदला. जुन्या आयड्रॅकचा मूळ पासवर्ड 'कॅल्विन' हे जगजाहीर आहे. याची जोडणी वेगळ्या व्हीलॅनमध्ये (त्याच स्विचवरच्या वेगळ्या केलेल्या नेटवर्कमध्ये) ठेवा, टनेलमधूनच दिसू द्या. आयपीएमआयचा (अशा छोट्या संगणकांशी बोलायच्या प्रमाणित पद्धतीचा) ६२३ पोर्ट तर कधीच बाहेर उघडू नका: आयपीएमआय २.० च्या रचनेतच लॉगिन होण्याआधी पासवर्डचा हॅश मागणाऱ्याच्या हाती जातो.

घेतानाच लायसन्स विचारा. आयड्रॅकवर स्क्रीन दिसायला एंटरप्राइझ लायसन्स लागतं. साध्या आयएलओवर ऑपरेटिंग सिस्टीम सुरू होईपर्यंतच स्क्रीन दिसतो, पुढे ॲडव्हान्स्ड लागतं. नेमकं बूट अडकल्यावर हे कळू नये. साध्या पीसीवर प्रॉक्समॉक्स चालवत असाल तर पायकेव्हीएमसारखी वेगळी पेटी हेच काम करते.

बायोसमध्ये 'वीज आल्यावर आपोआप चालू हो' हे सेटिंग लावा आणि प्रॉक्समॉक्समध्ये कुठलं मशीन कधी सुरू व्हावं याचा क्रम ठरवा. यूपीएसची यूएसबी वायर सर्व्हरला जोडून बॅटरी संपत आली की मशीन नीट बंद होतील अशी सोय करा. राउटर आणि फायबरचा डबाही यूपीएसवरच हवा. हे बऱ्याच ठिकाणी राहून गेलेलं दिसतं: सर्व्हर बॅटरीवर जिवंत, वाट मेलेली.

सांगलीसाठी एक वेगळी सूचना. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ चा पूर इथं कोणी विसरलेलं नाही. सर्व्हर तळमजल्यावर असेल तर तो वर हलवायचा आग्रह धरा. पावसाळ्यात आयर्विन पुलाची पातळी बघत राहा: इशारा पातळी ४० फूट, धोक्याची ४५. इशारा पातळी गाठायच्या आतच बॅकअप बाहेर गेलाय ना ते तपासा आणि मशीन कोणत्या क्रमानं बंद करायची ते मालकांशी बोलून ठेवा. पाणी चढल्यावर वीज आधी कापली जाते आणि रस्ते बंद होतात, तेव्हा हातात फक्त यूपीएसची मिनिटं असतात.

## ९. बॅकअप, अपडेट, नोंदी

बॅकअपची एक प्रत कृष्णाकाठापासून दूर हवी. तिथं लिहिणारं खातं प्रॉक्समॉक्सच्या रूटपेक्षा वेगळं असू द्या आणि त्याला जुन्या प्रती पुसायचा अधिकार देऊ नका. खंडणीखोर आधी बॅकअपच शोधतात.

नव्या प्रॉक्समॉक्सवर अपडेट करायला गेलं की ४०१ चूक येते, कारण मूळ सेटिंग सशुल्क भांडाराकडे बोट दाखवतं. वर्गणी घ्यायची नसेल तर नो-सबस्क्रिप्शन भांडार निवडा, पण अपडेट सोडू नका. लांबून अपडेट करताना नेहमी टीमक्स या सर्व्हरवरच चालू राहणाऱ्या टर्मिनलच्या आत करा. अपडेट मध्यावर असताना टनेल तुटलं तर काम चालू राहतं आणि परत जोडल्यावर तिथूनच दिसतं.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे कंपन्यांनी सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवायची असते आणि लॉग १८० दिवस ठेवायचे असतात. छोट्या संस्थांना याची कल्पना नसते, ती तुम्ही द्या. लॉग दुसऱ्या मशीनवर पाठवायची सोय आजच करा.

## १०. बाहेरून स्वतःच दार वाजवून बघा

फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावर या, त्याच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडा, टनेल बंद ठेवा. आता एनमॅप या पोर्ट तपासणाऱ्या साधनानं कोल्ड स्टोरेजचा पब्लिक आयपी चाळा. ८००६, २२, ३३८९, ४४३, आणि मायक्रोटिक असेल तर विनबॉक्सचा ८२९१, सगळे बंद दिसले पाहिजेत. वायरगार्डचा यूडीपी पोर्ट 'ओपन किंवा फिल्टर्ड' असा मोघम दिसेल, ते बरोबर आहे. आयपीव्ही६ मिळत असेल तर तेही वेगळं चाळा. आयपीव्ही४ चे नियम चोख आणि आयपीव्ही६ सताड उघडं, असे राउटर अजून बघायला मिळतात.

हीच चाचणी राउटरचं फर्मवेअर बदललं किंवा लाइनमननं डबा बदलला की परत करा. नवा डबा जुन्या सेटिंगसह येत नाही.

## ११. किल्ल्यांची वही

एका पानावर तक्ता करा: कोणाची किल्ली, कुठल्या उपकरणावर, टनेलमधला पत्ता, कुठे जायची मुभा, कधी दिली. कोणी नोकरी सोडली, फोन विकला, सॉफ्टवेअरवाला बदलला की त्याच दिवशी ती ओळ राउटरमधून काढा आणि तक्त्यात तारीख घाला. प्रॉक्समॉक्समधलं त्याचं खातं आणि एसएसएचची कीही काढायची, फक्त टनेल बंद करून भागत नाही.

रूटचा पासवर्ड, रिकव्हरी की, राउटरचा पासवर्ड आणि पहिल्या पायरीतला नकाशा एका लिफाफ्यात सील करून संस्थेच्या तिजोरीत ठेवा, वर तारीख आणि सही. तुम्ही आजारी पडलात किंवा काम सोडलंत तर मालकांना त्यांच्याच सर्व्हरसाठी कोणापुढे हात पसरावे लागू नयेत. पासवर्ड बदलला की लिफाफाही बदला, आणि जुना तिथंच त्यांच्यासमोर फाडा.